आरसा कुठे असावा, ते तिला विचारा

ताई, मी फोंडा महालातला. वय 47, हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. पत्नी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शिगम्याच्या सुमारास तिला स्तनात गाठ लागली. ऑपरेशन झालं, आता किमो सुरू आहे. दर 21 दिवसांनी पहाटे उठून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जातो. लाल औषधाच्या चारपैकी तीन सायकल झाल्या. केस गळू लागले त्या दिवशी मी खोलीतला आरसा काढून माळ्यावर ठेवला. तिला नीट झोप लागावी म्हणून मी हॉलमध्ये झोपतो. आईने मंगेशीला नवस बोलला आहे आणि ती हिच्याकडून सोमवारचे उपास करवून घेते. पाहुण्यांची रीघ असते. परवा ही म्हणाली, ‘सगळे माझ्यासाठी करतात, माझ्याशी कोणी बोलत नाही.’ चौथी सायकल चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या बरोबर आठ दिवस आधी येते. मूळ घरी पाच दिवसांचा गणपती असतो. आई म्हणते, सुनेने यायलाच हवं. माझं कुठे चुकतंय?
— एक नवरा

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या आरशापाशी अडले. तुम्ही तो मायेने काढलात, यात मला शंका नाही. पण तुमच्या पत्नीच्या बाजूने बघा. एके दिवशी ती उठली, तर भिंतीवर नुसता खिळा. कोणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. त्या खिळ्यावरून ती एवढंच समजली असेल, की आता माझ्याकडे बघवत नाही. आणि त्याच सुमारास नवरा हॉलमध्ये झोपायला गेला.

तिचं वाक्य पुन्हा वाचा. करणारे पुष्कळ आहेत, विचारणारं कोणी नाही. तुमचं चुकतंय ते एवढंच, आणि ते सुधारण्यासारखं आहे.

माझ्या यजमानांच्या किमोच्या वेळी मीही हेच केलं, म्हणून कळवळून लिहिते. माझी पिशवी सदा तयार असायची. फाईल, थर्मास, जाड चादर, कारण सलाईन चढताना त्यांना फार थंडी वाजायची. कुठल्या तारखेला रक्तातल्या पेशींचा काउंट किती होता ते मला पाठ होतं. एकदा सलाईन चालू असताना मी रिपोर्ट तारखेनुसार लावत बसले होते. ते म्हणाले, ‘ती फाईल ठेव खाली आणि हात दे.’ मी हात दिला. ते तासभर काही बोलले नाहीत, मीही नाही. घरी येताना मात्र बसमध्ये त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की त्यांना मरणाची भीती वाटते. तोवर ‘सगळं ठीक होणार’ असं म्हणून म्हणून मीच त्यांचं तोंड बंद केलं होतं.

तेव्हा आज रात्री दुकान बंद करून आलात की आधी तिच्या खोलीत जा. अंथरूण परत तिथे घाला. किमो चालू असलेल्या माणसाजवळ झोपल्याने, त्याला मिठी मारल्याने काही होत नाही. औषध शरीराबाहेर पडतं त्या पहिल्या 48 तासांत लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घालायचे आणि संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं, एवढी काळजी पुरे. लाल औषधानंतर एकदोन दिवस लघवी लालसर होते, तिला घाबरू नका. नवराबायकोच्या संबंधांबद्दल डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. किमोच्या काळात दिवस राहू नयेत म्हणून निरोध वापरावाच लागतो, आणि तुम्ही काही हा प्रश्न विचारणारे पहिले नाही. मग तिला विचारा, ‘आरसा परत लावू?’ ती नको म्हणेल, हो म्हणेल, कदाचित रडेल. जे म्हणेल ते करा.

आता चवथ. तुमच्या घरचा खरा पेच हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. आठव्या दिवशी चवथ, म्हणजे गणपती बसेल तेव्हा तुमच्या पत्नीच्या अंगात रोगाशी लढायची ताकद कमीत कमी असेल. मूळ घरी तीस-चाळीस माणसं, कोणाला सर्दी, कोणाचं पोर तापातून उठलेलं. गणपतीच्या वर टांगलेली माटोळी म्हणजे रानातली ओली पानं, फळं, माती. चुलीवर नेवऱ्या तळल्या जाताहेत आणि तेलाच्या वासानेच हिला उमासे येताहेत. आईंना हे सांगायला हवं, आणि ते तुम्हीच सांगायचं, हिने नाही. सुनेने सासूला ‘मी येत नाही’ म्हणणं आणि मुलाने ‘मी तिला आणत नाही’ म्हणणं यांत फार फरक आहे.

पण त्याआधी तिला विचारा. कदाचित तिला बाप्पाचं दर्शन हवंच असेल. चवथीला मूळ घरी न जाणं म्हणजे काय, ते गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तसं असेल तर चौथ्या सायकलच्या आधीच डॉक्टरांना स्पष्ट विचारा, तारीख दोन-चार दिवस हलवता येते का. कधी येते, कधी नाही, आणि तो निर्णय त्यांचाच. तारीख तीच राहिली तरी, डॉक्टर हो म्हणाले तर, सकाळी लवकर, पाहुणे यायच्या आत, मास्क लावून दहा मिनिटं दर्शन घेऊन परत येता येईल. माटोळीखाली बसू नये, कापून ठेवलेली फळं आणि कच्ची मोड आलेली कडधान्यं खाऊ नयेत. ताजं गरम खतखते, म्हणजे आपली मिसळीची भाजी, चालेल. आणि त्यानंतर तुम्ही तिच्याबरोबर घरी परत या. तिला सोडून आरतीला मूळ घरी धावू नका. यंदा टाळ दुसऱ्या कोणाच्या हातात द्या.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. घरात थर्मामीटर ठेवा. ताप 100.4 झाला, म्हणजे सेल्सिअसमध्ये 38, की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलात फोन करायचा आणि निघायचं. गाडी नसेल तर 108. आधी पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, त्याने ताप झाकला जातो आणि आतला संसर्ग वाढतो. हॉस्पिटलात पोचल्यावर दारातच सांगा की किमो चालू आहे, शेवटची सायकल अमुक तारखेला झाली. हे आईंना आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा, तुम्ही दुकानात असताना गरज पडू शकते.

सोमवारच्या उपासाबद्दल. आईंवर रागावू नका. त्या घाबरल्या आहेत आणि त्यांच्या हातात देवाशिवाय दुसरं काही नाही. पण या दिवसांत झिजलेल्या पेशी भरून यायला अन्न लागतं, त्यातही डाळ, अंडं, मासे. उपाशी राहिलं तर वजन उतरतं आणि पुढची सायकल लांबू शकते. आईंना म्हणा, ‘आई, नवस तुमचा, उपासही तुम्ही करा, तिच्या वाट्याचा.’ मंगेशाला ते पोचेल, माझी तशी श्रद्धा आहे. आणि त्यांना एक काम द्या जे फक्त त्यांनाच जमतं: उकड्या तांदळाची पेज, मीठ घातलेली, दर दोन तासांनी वाटीभर. तोंडाला लोखंडाची चव येत असेल तर स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी चमचा किंवा करवंटीचा डाव वापरा, फरक पडतो. तोंडात फोड आले तर मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. मुळी, काढा, गोमूत्र असं कोणी काही आणून दिलं तर नम्रपणे ठेवून घ्या आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. काही औषधी किमोच्या आड येतात.

आमच्या शेजारच्या ख्रिस्ती बाईंनी माझ्या यजमानांसाठी म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहिलं होतं. आम्ही देवीला ओटी भरली होती. इथे नवस धर्म विचारून बोलले जात नाहीत. तुमच्या पत्नीला कशाने बरं वाटतं तेही विचाराच, कदाचित तिला पूजा नको असेल, नुसतं संध्याकाळी दिवा लागल्यावर तुम्ही शेजारी बसलेलं हवं असेल.

पाहुण्यांचा विषय सोपा आहे. तिचा भाऊ किंवा बहीण असेल तर त्यांना सांगा, सगळ्यांच्या फोनला तेच उत्तर देतील. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला तिथेच काम सांगा: बुधवारचं जेवण, दुकानातली दोन तासांची पाळी, सरकारी आरोग्य विम्याच्या दीनदयाळ कार्डाचं नूतनीकरण राहिलंय ते करून आणणं. माणसं खरंच वाट बघत असतात, त्यांना सुचत नसतं इतकंच. शाळेतल्या बाईंना मात्र एकेकट्या यायला सांगा, हात धुऊन, मास्क लावून. त्या येऊन शाळेच्या गोष्टी करतील, तर तुमची पत्नी पुन्हा शाळेतली बाई होईल, निदान अर्धा तास.

आणि ‘ती फायटर आहे’ असं म्हणत असाल तर ते सोडा. त्या शब्दाने तिला रडायची मुभा राहत नाही. तुम्हालाही राहत नाही. तुम्ही पत्रात स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाहीत, म्हणून विचारते: तुमच्या गोळ्या चालू असतील तर घेता ना? जेवता कुठे, दुकानात उभ्या उभ्या? ज्या मित्राबरोबर पूर्वी संध्याकाळी चहा प्यायचात, त्याला एकदा बोलवा आणि त्याच्यासमोर हवं तेवढं रडा. मग हात-तोंड धुऊन तिच्याकडे जा. ते तिला कळलं तरी चालेल.

चवथ झाली की मला लिहा. काउंट किती आला ते, आणि आरशाचं काय झालं तेही.

तुमची,
ताई