विचारा की! बेळगावच्या आसपास पाहुण्यांना काय दाखवायचं

पाऊस ओसरायला लागला की आपल्या सदराला येणारी पत्रं बघता बघता बदलतात, आजारपण, भांडणं, शेताचे बांध सगळं मागं पडतं आणि फिरायला कुठं जाऊ हा एकच प्रश्न पुढं येतो. ह्यावेळी त्यातली काही पत्रं घेतलीत.

प्रश्न : पुण्याहून माझी नणंद, तिचे मिस्टर आणि दोन मुलं येणार आहेत. घरात सासूबाई आहेत, वय सत्तरीच्या वर, गुडघे दुखतात त्यामुळं चढ अजिबात नको. दोन दिवस हातात आहेत. दरवेळी पाहुणे आले की कपिलेश्वरला जायचं, कुंदा घ्यायचा आणि बाजार फिरायचा एवढंच होतंय. ह्यावेळी मुलांच्या लक्षात राहील असं काहीतरी दाखवावं म्हणते.
(एक वाचक, वडगाव)

उत्तर : ताई, पहिला दिवस गावातच काढा, गाडीत बसून लांब जायची काही गरज नाही. बेळगावची माणसं किल्ल्यातनं रोज जातात येतात पण थांबत कुणी नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. सकाळी नऊच्या सुमारास जावा. दारातच दुर्गादेवीचं देऊळ आहे, तिथं सासूबाईंना दर्शन होतंय, मग थेट कमल बसदीकडं. 1204 साली बांधलेलं हे जैन मंदिर, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं बांधलं, आत काळ्या दगडातले नेमिनाथ आहेत. पण आत शिरल्या शिरल्या हात जोडून बाहेर पडू नका. उन्हातनं आलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही, पाच मिनिटं नुसतं उभं राहा. मग हळूहळू खांब दिसायला लागतात, काळेभोर, लेथवर फिरवून काढल्यासारखे गोल आणि गुळगुळीत, त्यात आपलीच सावली हलताना दिसते. आता मंडपाच्या मध्यभागी येऊन मान वर करायची. छतातनं एक दगडी कमळ खाली आलेलं आहे, त्याला 72 पाकळ्या, म्हणजे होऊन गेलेले, आत्ताचे आणि पुढं होणारे असे तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर. मुलांना पाकळ्या मोजायला लावा, दोघांचा आकडा जुळेपर्यंत ती तिथनं हलणार नाहीत. शेजारीच चिक्की बसदी आहे, तिच्यात आता मूर्ती नाही म्हणून लोक बाहेरनंच पुढं जातात, तुम्ही तसं करू नका, भिंतीवर नाचणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ओळ कोरलेली आहे ती नणंदेला दाखवा.

किल्ल्यातच सफा मशीद आहे, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, आदिलशाहीचा इथला सुभेदार असद खान याच्या काळातली. तिच्यातल्या दोन खांबांवर त्याच्या कितीतरी आधीचे, रट्टांच्या आणि यादवांच्या वेळचे शिलालेख आहेत. किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडं आहे तेव्हा कुठं आत सोडतात, कुठं फोटो चालतोय हे आधी विचारून घ्या, उगाच मुलांसमोर वाद नको. रामकृष्ण मिशनचा आश्रमही किल्ल्यातच. 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावला आले तेव्हा आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडं उतरले आणि मग हरिपद मित्र ह्या फॉरेस्ट ऑफिसरांकडं राहिले, तेच घर आश्रमात जपलंय. पुढच्याच वर्षी ते शिकागोला गेले. म्हणजे जगात नाव व्हायच्या आधीचे विवेकानंद आपल्या गल्लीत राहून गेलेत, आणि हे आपल्याच मुलांना माहीत नसतं.

दुपारी जेवून जरा पडा, संध्याकाळी टिळकवाडीत काँग्रेस विहीर आणि वीरसौध हे स्मारक. डिसेंबर 1924 चं काँग्रेस अधिवेशन इथं भरलं, महात्मा गांधी अध्यक्ष होते आणि आयुष्यात अध्यक्षपद त्यांनी हे एकदाच घेतलं. सगळी धावपळ केली ती आपल्या हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांनी. एवढ्या माणसांना पाणी पाहिजे म्हणून विहीर खणली ती अजून तिथं आहे. आणि स्वागताच्या गाण्यात एक लहान मुलगी होती, तीच पुढं गंगूबाई हनगल. कुंदा त्यानंतर घ्या, परतीच्या वाटेवरच पडतोय.

दुसरा दिवस हलशीला. खानापूर, मग नंदगड, मग हलशी, बेळगावहून साधारण 40 किलोमीटर, चढ नाही, गाडी देवळाजवळपर्यंत जाते, सासूबाईंना त्रास नाही. हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. इथं पाचव्या शतकातला काकुस्थवर्म्याचा ताम्रपट सापडलाय, तोही जैनांना दिलेल्या दानाचा. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी हे मोठं गाव होतं, आज बघाल तर कौलारू घरं, दारात गुरं, भात आणि ऊस. भूवराह नरसिंह मंदिर बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचं. ह्या देवळाला दोन गाभारे आहेत आणि ते एकमेकांसमोर आहेत, मधे मंडप. एकीकडं वराह, पृथ्वीदेवीला वर उचलून घेतलेला, दुसरीकडं नारायण आणि त्याच्यापाशी नरसिंह. मंडपाच्या मध्यावर उभं राहिलं की एक देव पुढं आणि एक पाठीमागं, पाठ कुणाकडं करायची हा प्रश्न लहान मुलं हमखास विचारतात. वराहाकडं जवळनं बघा, सुळ्याजवळची भूदेवी केवढी लहान आणि किती निर्धास्त आहे. घाई केली तर हे दिसतच नाही. तासभर द्या. गावात आणखी देवळं आहेत, सुवर्णेश्वर, हाटकेश्वर वगैरे, ती मिस्टरांना आणि मुलांना बघून येऊदे, तुम्ही सासूबाईंबरोबर सावलीत बसा.

येताना नंदगडला थांबा. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शूर शिलेदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 ला इथं फाशी दिलं. समाधीपाशी मोठा वड आहे. जन्म 15 ऑगस्टचा आणि फाशी 26 जानेवारीची, ह्या दोन तारखा मुलांना सांगा, वेगळं काही समजावायला लागत नाही.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे मित्र बाईकनं वज्रपोहा धबधब्याला जायचं ठरवलंय. भीमगडपण करायचा आहे. गावातला एकजण म्हणतोय परमिशन नसली तरी आतल्या वाटेनं सोडतो, पैसे घेणार. जाऊ काय?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : नका जाऊ. हे भीती घालायला म्हणून सांगत नाही. भीमगड हे 2011 पासून अभयारण्य आहे, साधारण 190 चौरस किलोमीटरचं दाट जंगल, आत अस्वल आहे, बिबट्या आहे, गवा आहे, मोबाईलला रेंज नाही आणि जूननंतर ओढे असे फुगतात की सकाळी गुडघाभर पाण्यातनं गेलेला माणूस दुपारी परत येऊ शकत नाही. पावसाळ्यात जंगल खात्याकडनं धबधब्यांकडं जायला बंदी घातली जाते ती ह्याचसाठी. पैसे घेऊन चोरवाटेनं सोडणारा माणूस पाय घसरला की तिथं नसतो, मग रात्री बॅटऱ्या घेऊन शोधायला जातात ती आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं आणि गार्ड. जायचंच असेल तर पाऊस संपल्यावर खानापुरात जंगल खात्याच्या ऑफिसात विचारा, वाट उघडी आहे का, बरोबर कोण येणार, आणि ते नाही म्हणाले तर नाही.

आणि ते जंगल तसंच राहूदे असं मला मनापासून वाटतं. तिथल्या बारापेडे गुहांत राऊटन्स फ्री-टेल्ड बॅट नावाची वटवाघळं राहतात, जगात फार थोड्या ठिकाणी सापडलेली जात आहे ही, बरीच वर्षं तर फक्त इथंच आहे असं समजत होते. टॉर्च आणि स्पीकर घेऊन आपण आत गेलो की ती बिचारी जागा सोडणार.

त्यापेक्षा मी सांगतो तसं करा. जांबोटीवरनं कणकुंबीला जावा, रस्ता दोन्ही बाजूंनी हिरवा, चोर्ल्याच्या अलीकडंच गाव आहे. माउलीचं देऊळ बघा, तिथंच मलप्रभेचा उगम आहे. ही नदी तिथनं पूर्वेला जाते, सौंदत्तीला धरणात अडते आणि पुढं बागलकोट जिल्ह्यात कृष्णेला मिळते, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि तुमच्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला वळून मांडवी होऊन पणजीला समुद्रात जाते. एकाच तालुक्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातोय! येताना हब्बनहट्टीचा मारुती, अगदी मलप्रभेच्या पात्रात, पाणी जास्त असेल तर काठावरनंच हात जोडा. वेळ उरला तर खानापूरजवळ असोग्याला रामलिंगेश्वर. एवढ्यात दिवस भरतोय, आणि घरी आईला खरं सांगून जाता येतंय.

प्रश्न : आमच्या हायस्कूलची सहल दरवर्षी डिसेंबरात निघते. ह्यावेळी गोकाक धबधबा ठरवावा म्हणतो. एका दिवसात आणखी काय जोडता येईल? आठवी-नववीची मुलं आहेत.
(एक शिक्षक, निपाणी)

उत्तर : सर, डिसेंबरात धबधब्यासाठी म्हणून मुलं नेऊ नका. घटप्रभेचं पाणी तोपर्यंत कमी झालेलं असतं, काळा कातळ आणि त्यावरनं दोन-चार धारा एवढंच दिसलं तर पोरं नाराज होतात. ऑगस्ट-सप्टेंबरात एखादा शनिवार काढता आला तर बघा, तेव्हा घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या कड्यावरनं सगळी नदी 52 मीटर खाली पडत असते, लाल गढूळ पाणी, बोललेलं ऐकू येत नाही. झुलता पूल आहे, तो कधी बंद कधी चालू असतो, चौकशी करून जावा. काठावर रेलिंगच्या पलीकडं एकाही मुलाला पाय ठेवू देऊ नका, सेल्फीच्या नादात तिथं जीव गेलेले आहेत. धबधबा बघून झाला की गिरणीकडं बोट दाखवा. 1880 च्या दशकात सूतगिरणी इथं आली ती ह्या पडत्या पाण्याच्या जोरावर मशीन फिरवता येतील म्हणून, विज्ञानाच्या पुस्तकातला धडा समोर उभा आहे. काठावरचं महालिंगेश्वराचं देऊळ चालुक्य पद्धतीचं.

डिसेंबरातच जायचं असेल तर मग इतिहासाची सहल करा. संकेश्वर, हुक्केरी ही वाट तुमची नेहमीचीच. हुक्केरीत आदिलशाही काळातले घुमट आहेत, बस तिथनं रोज जाते आणि मुलं खिडकीतनंच बघतात. अर्धा तास उतरवा. संकेश्वरजवळ वल्लभगड आहे, छोटा किल्ला, आठवीची मुलं पळत चढतील. संध्याकाळी गोकाकची करदंट ही डिंक-सुकामेव्याची मिठाई घेऊन परत. हिडकल जलाशयातलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर मात्र डिसेंबरात दिसणार नाही, ते पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं. ते मेमध्ये घरच्यांबरोबर बघून या म्हणून मुलांना सांगा.

प्रश्न : कित्तूरला गेलो होतो. एवढं नाव ऐकलं होतं आणि बघितलं तर नुसत्या पडक्या भिंती. तासाभरात परत आलो. लोक एवढं काय बघतात तिथं?
(एक वाचक, शहापूर)

उत्तर : दादा, भिंती पडक्या आहेत हे खरंय, पण त्या पाडल्या गेल्यात. 23 ऑक्टोबर 1824 ला राणी चन्नम्माच्या माणसांनी इंग्रजांची फौज परतवली, धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात मेला. कारण काय, तर घेतलेला दत्तक आम्ही मानत नाही, संस्थान आमचं, असं कंपनीचं म्हणणं. झाशीच्या राणीच्या तेहतीस वर्षं आधीची ही गोष्ट. डिसेंबरात इंग्रज जास्त फौज घेऊन परत आले आणि कित्तूर पडलं. राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं, 1829 मध्ये ती तिथंच गेली, समाधी बैलहोंगलला आहे. आणि जन्म कुठला, तर काकतीचा. काकती म्हणजे तुमच्या घरापासनं किती लांब सांगा!

परत जाल तेव्हा वाड्यात एक गोष्ट शोधा. भिंतीत एक गोल नळी ठेवलेली आहे, तिच्यातनं रात्री ध्रुवतारा दिसतो, मुद्दाम ती दिशा धरून बांधलेली. डोळा लावून बघा. न्हाणीघरं बघा, पाणी कुठनं आणलं, कसं खेळवलं ते दिसतंय. ज्यांनी एवढ्या बारकाईनं घर बांधलं ती माणसं कशी असतील याचा अंदाज त्या पडक्या भिंतींतनंच येतो. आवारात म्युझियम आहे तेही घाईत उरकू नका. तिथनं जवळच देगावला कमलनारायण मंदिर आहे, कदंबांची राणी कमलादेवी हिनं बाराव्या शतकात बांधवलेलं, तीन गाभारे एका ओळीत आणि पुढं लांबच लांब मंडप. कित्तूरला जाणारे शंभरातले नव्वद लोक तिकडं वळतच नाहीत. तुम्ही वळा. ऑक्टोबरात 23 तारखेपासनं कित्तूर उत्सव असतो, तेव्हा गेलात तर गर्दी आणि कार्यक्रम, शांतपणे बघायचं असेल तर आधी किंवा नंतर.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला घेऊन संध्याकाळी राजहंसगडावर जाता येईल काय? की लांबनंच बघायचा?
(एक वाचक, उचगाव)

उत्तर : येईल की! येळ्ळूरवरनं गाडी बरीच वर जाते, चालायला थोडंच लागतंय. आत सिद्धेश्वराचं देऊळ आहे, 2023 मध्ये शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा उभारलाय, आणि तटावरनं बेळगावच्या बाजूची सगळी शेतं दिसतात. तटावर मुलाचा हात सोडायचा नाही, काही ठिकाणी कठडा नाही आणि वारा भरपूर. पाणी आणि स्वेटर बरोबर ठेवा, चार-साडेचारला निघा आणि अंधार पडायच्या आत गाडीपाशी या.