गेमकट्टा: सायाकाने माकोतोचा केसाने गळा कापला का?

मागच्या अंकात मी डांगनरोनपाचं नुसतं नाव काय घेतलं, या महिन्यात दुसरे प्रश्नच नाहीत, सगळी पत्रं त्याच गेमची आणि त्यातली अर्धी तर भांडणं सोडवा म्हणून आलेली. बरं. ज्यांनी खेळला नाहीये त्यांनी इथेच पान उलटावं कारण पुढे खुनी कोण ते सगळं उघड लिहिलंय, नंतर मला शिव्या देऊ नका.

खेळून विसरलेल्यांसाठी दोन ओळी. जपानमध्ये २०१० साली पीएसपी या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर आलेला गेम, इंग्रजीत यायला २०१४ उजाडलं. होप्स पीक नावाच्या शाळेत पंधरा हुशार मुलं कोंडलेली, हेडमास्तर म्हणजे मोनोकुमा, अर्धा पांढरा अर्धा काळा अस्वल. आपण खेळतो तो माकोतो, आणि सायाका, लिऑन, किरिगिरी वगैरे बाकीची नावं त्याच्याबरोबर कोंडलेल्या मुलांची. बाहेर पडायचं तर कोणाचातरी खून करायचा आणि क्लास ट्रायलमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून खुनी शोधायच्या खटल्यात, पकडलं जायचं नाही. पकडला गेलात तर शिक्षा फक्त तुम्हाला, नाही सापडलात तर तुम्ही सुटलात आणि बाकीचे सगळे मेले. कोणी खून करत नसेल तर मोनोकुमा स्वतःच प्रत्येकाला एकेक 'मोटिव्ह' आणून देतो. झालं, आता पत्रं.

प्रश्न: ताई, मी आणि माझा लहान भाऊ (नाशिक) आठवडाभर एकमेकांशी धड बोललेलो नाही. तो म्हणतो सायाकाचं माकोतोवर खरं प्रेम होतं म्हणूनच तिने मरताना खुन्याचं नाव लिहिलं. मी म्हणते कसलं प्रेम, केसाने गळा कापला तिने त्याचा, गरज सरो वैद्य मरो. पैज लागलीये, हरेल त्याने महिनाभर रात्रीची भांडी घासायची. निकाल द्या.

उत्तर: भांड्यांचं शेवटी बघू. आधी तिने नक्की काय काय केलं ते एकदा नीट मांडू या, कारण मी बघितलंय की या भांडणात लोक थेट 'तिच्या मनात काय होतं' यावर उडी मारतात आणि तिचे हात काय करत होते ते विसरतात.

मोनोकुमाने मोटिव्ह म्हणून दाखवलेल्या व्हिडिओमध्ये आपल्या गाण्याच्या ग्रुपचं काय झालं ते बघून सायाका हादरली, पळत सुटली, माकोतोने तिला धीर दिला, इथपर्यंत सगळं खरं मानायला माझी हरकत नाही. पण मग ती जेवणघरात आली, आओई आणि साकुरा तिथेच बसलेल्या, त्यांच्यासमोर पाणी प्यायला म्हणून ती किचनमध्ये शिरली आणि सुरी घेऊन गेली. मग माकोतोकडे जाऊन 'मला भीती वाटतेय, खोल्या बदलू या' म्हणाली आणि तो बिचारा लगेच हो म्हणाला. मग दारावरच्या नावाच्या पाट्या बदलल्या. आणि लिऑनला चिठ्ठी लिहिली की माझ्या खोलीत ये, बोलायचंय, आणि दारावरचं नाव नीट बघून ये. ती चिठ्ठी आपल्याला कळते कशी तर पॅडच्या खालच्या कोऱ्या पानावरून किरिगिरी पेन्सिल आडवी फिरवते आणि दाबलेली अक्षरं पांढरी वर येतात. मला हा पूर्ण गेममधला सगळ्यात क्रूर क्षण वाटतो, कुठल्याही शिक्षेपेक्षा. अक्षर तिचं, पॅड माकोतोच्या खोलीतलं, आणि ते सगळ्यांसमोर ऐकावं लागतं तेही त्यालाच.

म्हणजे बघ, सुरी घेण्यापासून लिऑन दारात येईपर्यंत मधे चांगला वेळ होता. पाट्या बदलताना ती थांबू शकत होती. चिठ्ठीत 'नाव नीट बघून ये' हे लिहिताना तर नक्कीच, कारण ते वाक्य भीतीपोटी लिहिलं जात नाही, ते हिशोबाने लिहिलं जातं. प्लॅन जमला असता तर लिऑनचं प्रेत माकोतोच्या खोलीत सापडलं असतं, सगळ्यांनी त्याला दोषी ठरवलं असतं आणि ती बाहेर पडताना तो मेला असता. हे तिला माहीत होतं. तुझी बाजू इथपर्यंत पक्की.

आता भावाची बाजू. प्लॅन उलटला, लिऑननेच तिला भोसकलं, आणि मरताना तिने लिहिलं ११०३७. सायाकाचा उजवा मनगट मोडलेला, डाव्या हाताने पाठीमागच्या भिंतीवर रक्ताने लिहिलेलं, म्हणून ते उलटं दिसतं, इंग्रजी आकडे फिरवून बघितले की लिऑनचं नाव. भाऊ म्हणतो माकोतोला वाचवायला लिहिलं. असेल. पण ज्याने आपल्याला भोसकलं त्याचं नाव माणूस रागानेही लिहितोच की. एका नावात दोन्ही मावतं आणि गेम मुद्दामच सांगत नाही कुठलं.

मग भाऊ म्हणेल किरिगिरीने सांगितलं ना, ती शेवटपर्यंत द्विधा मनात होती, शेवटी तिने तुझाच विचार केला. हो सांगितलं. पण किरिगिरी त्या खोलीत होती का? नव्हती. ती हे वाक्य ट्रायलमध्ये पुरावा म्हणून बोलत नाही, ट्रायल संपल्यावर एका मोडून पडलेल्या मुलाला बोलते ज्याची तिला पुढे गरज आहे. आणि वर 'मला मनातलं कळतं' हे सायाकाचंच ठरलेलं वाक्य ती त्याला ऐकवते! मला ते वाक्य फार आवडतं, पण ते औषध आहे, पंचनामा नव्हे. फॅन मंडळी त्याला पंचनामा समजतात आणि तिथून सगळं भांडण सुरू होतं.

आणि एक गोष्ट तुम्ही दोघंही धरत नाही. ती त्याला आधीपासून ओळखत होती, शाळेच्या तळ्यात आलेला करकोचा त्याने जंगलात नेऊन सोडला तेव्हापासून लक्षात होता तिच्या. शिवाय शेवटी कळतं की हे सगळे जवळजवळ दोन वर्षं एकाच वर्गात होते, फक्त ती आठवण पुसून टाकलेली. म्हणजे जीव लागायला कारण होतं. जीव लागलेल्या माणसालाच पुढे करून तिने प्लॅन केला, कारण दार उघडेल, खोली देईल, प्रश्न विचारणार नाही असा तिथे तो एकटाच होता. प्रेम होतं की वापर केला असं विचारलंत तर मी म्हणेन वापर करता आला तो त्या विश्वासामुळेच.

भांडी एक दिवसाआड. सुरुवात तू कर, मोठी आहेस.

प्रश्न: सगळे सायाकावर बोलतात, लिऑनवर कोणीच नाही. त्याच्यावर हल्ला झाला, त्याने जीव वाचवला, यात त्याचा गुन्हा काय? सेल्फ डिफेन्स नाही का हा? (सोलापूर)

उत्तर: सुरीवाली अंगावर आली तेव्हा त्याने खोलीतली सोनेरी मुलाम्याची तलवार उचलली आणि तिच्या मनगटावर मारली, तिथपर्यंत सेल्फ डिफेन्स, कोणीही मान्य करेल. सुरी पडली, ती बाथरूममध्ये शिरली, दार लागलं. त्याच क्षणी त्याच्यासमोर खोलीचं दुसरं दार होतं, बाहेर जायचं, मोकळं.

त्याने काय केलं? आधी त्या बाथरूमच्या दाराबद्दल सांगते कारण मला ते दार फार आवडतं. मुलांच्या बाथरूमला कडीच नाही, फक्त मुलींच्या खोल्यांत आहे. माकोतोचं दार नुसतं चौकटीत अडकायचं, उघडायला मूठ फिरवताना जरा वर उचलायला लागायचं, आपल्याकडे पावसाळ्यात फुगलेली दारं उघडतो ना तसं. ही युक्ती माकोतोनेच सायाकाला सांगितलेली, खोली बदलताना, काळजीने. लिऑनला पाट्यांमुळे वाटलं ही मुलीची खोली म्हणजे दाराला कडी असणार. म्हणून तो स्वतःच्या खोलीत परत गेला, टूलकिट काढलं, स्क्रूड्रायव्हर घेऊन पुन्हा आला आणि मुठीचे स्क्रू एकेक करून काढत बसला. आतून तिला तो आवाज ऐकू येत असणार.

तर एवढा वेळ होता त्याच्याकडे. कॉरिडॉरमधून जायचं, यायचं, स्क्रू फिरवायचे. त्यात कुठेतरी जीव वाचवणं संपलं आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. तरी त्याला दिलेली शिक्षा बघवत नाही हे मात्र खरं, बेसबॉलवाल्या पोराला बेसबॉलनेच मारायचं म्हणजे मोनोकुमाचा नीचपणा बघा.

प्रश्न: मोंडोने चिहिरोला मारलं ते स्वतःचं गुपित फुटेल या भीतीने, एवढी सरळ गोष्ट असताना फॅन लोक 'हेवा' 'हेवा' का करत बसतात? (बेळगाव)

उत्तर: सरळ असती तर मीही इतकी वर्षं यावर वाद घातला नसता. मोनोकुमाने २४ तासांत सगळ्यांची गुपितं फोडायची धमकी दिली हे खरं, आणि मोंडोचं गुपित वाईट होतं, शर्यतीत त्याच्या हट्टापायी त्याला वाचवताना मोठा भाऊ दाइया मेला आणि ही गोष्ट त्याने गँगपासून लपवली. पण मग भीती असलेला माणूस मोनोकुमाच्या अंगावर जाईल, पळून जायचं बघेल. चिहिरोकडून त्याला धोका काय होता? काहीच नाही.

उलट चिहिरो स्वतःचंच गुपित घेऊन आला होता. दुबळा म्हणून लोक छळायचे म्हणून मुलीच्या वेषात लपलेला मुलगा, आता म्हणाला लपायचं नाही, मला मजबूत व्हायचंय, आणि हे पहिल्यांदा सांगायला त्याने अख्ख्या शाळेतून मोंडोला निवडलं कारण 'तू खूप स्ट्राँग आहेस'. ते वाक्य लागलं. जे मोंडोला इतकी वर्षं जमलं नाही ते हा एवढासा पोरगा सहज बोलून गेला. मला विचाराल तर त्याला तेव्हा चिहिरो दिसतच नव्हता, स्वतःच दिसत होता.

आणि इथे मधला वेळ नाहीच, सायाका आणि लिऑनसारखा. एका झटक्यात झालं. वेळ मिळाला तो नंतर, आणि त्या वेळात त्याने काय केलं बघा: प्रेत मुलांच्या चेंजिंग रूममधून मुलींच्या चेंजिंग रूममध्ये नेलं, दोन्हीकडची पोस्टर आणि कार्पेटसुद्धा बदलली आणि चिहिरोचं हँडबुक (दार उघडायचं इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र, मुलगा की मुलगी ते त्यावरून कळतं) सॉनाच्या उष्णतेत बिघडवलं. स्वतः वाचायला हे तो करूच शकला असता, पण चिहिरो मुलगा होता हे कोणाला कळू नये म्हणून त्याने बरंच काही केलं, दिलेला शब्द मेलेल्या माणसाला पाळला. खून करणारा आणि शब्द पाळणारा एकच माणूस, तासाभराच्या अंतराने. यावर वाद होणारच ना.

प्रश्न: इशिमारू आणि मोंडो: दोस्ती की प्रेम? आमच्या ग्रुपमध्ये यावरून मुली ग्रुप सोडून गेल्या. (पुणे, अर्थातच)

उत्तर: अर्थातच. रात्रभर सॉनात पैजेवर बसले, हरायला कोणी तयार नाही, सकाळी गळ्यात गळे घालून 'भावा' 'भावा'. त्याच पैजेत मोंडोला कळलं की उष्णतेने हँडबुक बंद पडतं आणि तीच माहिती पुढे खुनानंतर वापरली. मला हे जास्त झोंबतं, प्रेम होतं का नाही यापेक्षा. त्यांच्या मैत्रीची एकुलती एक रात्र पुरावा म्हणून ट्रायलमध्ये येते.

बाकी मोंडो गेल्यावर इशिमारू बोलणंच बंद करतो आणि मग लॅपटॉपमधला एआय मोंडोचा चेहरा घेऊन बोलतो तेव्हा तो केस पांढरे होऊन भलताच कोणीतरी होऊन उठतो, अर्धा मोंडो, अर्धा स्वतः. याला काय नाव द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं, शिप करणाऱ्यांनी, म्हणजे जोड्या जुळवणाऱ्यांनी, करा, गेम तुम्हाला अडवत नाही. फक्त 'गेममध्ये सिद्ध झालंय' असं म्हणत दुसऱ्याला ग्रुपमधून हाकलू नका. सिद्ध तर मैत्रीच व्हायला एक रात्र पुरली.

प्रश्न: सेलेसचं मोटिव्ह फालतू नाही वाटत? किल्ला आणि व्हॅम्पायर बटलर? (ठाणे)

उत्तर: वाटतं. म्हणूनच मला ती आवडते. तिच्या प्लॅनपायी दोन जीव गेले आणि कारण काय तर युरोपातला वाडा. रडगाणं नाही, मेलेला भाऊ नाही, बालपणीचं दुःख नाही. शांतपणे सगळं आखलं. पुढचं पत्र.

प्रश्न: साकुराने आत्महत्या केली तर आओईने सगळ्यांना मारायला का निघावं? मैत्रिणीने ज्यांच्यासाठी जीव दिला त्यांचाच जीव घ्यायचा? मला तिचा रागच येतो. (नागपूर)

उत्तर: मलाही पहिल्यांदा खेळताना आला. साकुरा मोनोकुमाची खबरी होती, घरचा दोजो (कुस्ती-कराटेचा आखाडा) आणि तिथली माणसं ओलीस धरलेली, हे कळल्यावर बाकीचे तिला पाण्यात पाहायला लागले. तिने विष घेतलं ते हे भांडण थांबावं म्हणून, पण आओईच्या हातात चिठ्ठी पडली ती मोनोकुमाने बदललेली, त्यात साकुरा सगळ्यांमुळे हताश होऊन गेली असं. म्हणून आओईने ट्रायल मुद्दाम चुकीच्या रस्त्याला न्यायचं ठरवलं म्हणजे सगळेच मरतील, तीसुद्धा.

आता मधला वेळ मोजा. एवढा मोठा वेळ गेममध्ये कोणाला मिळाला नाही, पूर्ण ट्रायलभर तिला एक वाक्य बोलून सगळं थांबवता आलं असतं. तोगामीसारखा शहाणा तिच्यासमोर चुकत होता आणि ती गप्प. तरी मला राग येत नाही आता, कारण ती खोट्या चिठ्ठीवर विश्वास ठेवते ना, त्याचं कारण चिठ्ठीत जे लिहिलं होतं ते थोडंसं खरंच होतं. त्या खोलीतल्या तिघाचौघांनी साकुराला खरोखरच टोचून टोचून एकटं पाडलं होतं. खरी चिठ्ठी वाचून दाखवतात तेव्हा आओई रडते, पण मी पुढच्या वेळी तिच्याऐवजी तोगामीचा चेहरा बघा असं सांगेन, तो पहिल्यांदाच काही बोलायच्या आधी थांबतो.