वाय-फायचा पासवर्ड कठीण ठेवला तरी इंटरनेटवरून कोणी घरच्या कॅमेऱ्यांत घुसू शकतं का?

हो, घुसू शकतं, आणि त्याला तुमचा वाय-फायचा पासवर्ड लागतही नाही. समजा तुमच्याकडे फायबर कनेक्शन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) आणि स्मार्ट टीव्ही आहे, पासवर्डही लांबलचक ठेवलाय. पण तो पासवर्ड अडवतो शेजाऱ्याला. इंटरनेटवरून येणारा राउटरच्या बाहेरच्या बाजूने येतो, आणि तिथलं दार बहुतेक वेळा घरच्याच कोणीतरी उघडून ठेवलेलं असतं.

मी घरांत आणि दुकानांत नेटवर्क बसवण्याचं काम करतो. तक्रार कसलीही असो, आधी डीव्हीआर बघतो. मोबाइलवर चित्र दिसावं म्हणून कॅमेरे बसवणारा राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत यायची वाट, तिच्या दाराला म्हणजे पोर्टला एक नंबर असतो) करून जातो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. तुम्ही आजच बघा. राउटरखालच्या स्टिकरवर दिलेला पत्ता (बहुधा 192.168.1.1) ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन करा आणि ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ हे पान उघडा. तिथे 80, 554, 8000, 37777 असे आकडे आणि समोर डीव्हीआरचा पत्ता दिसला, तर तुमच्या डीव्हीआरचं लॉगिन पान अख्ख्या जगाला दिसतंय असं समजा. त्या ओळी काढून टाका. मग यूपीएनपी (उपकरणांना राउटरमधली पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा, नाहीतर डीव्हीआर स्वतःच राउटरकडून तीच पोर्ट पुन्हा उघडून घेईल. ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून राउटरच्या सेटिंग बदलण्याची सोय) चालू असेल तर तेही बंद करा.

एवढं केल्यावर मोबाइलवरचं चित्र जाईल का? सहसा नाही. क्यूआर कोड स्कॅन करून जोडलेली ॲप कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतात, त्यांना उघडं पोर्ट लागत नाही. मात्र आता सगळी भिस्त त्या ॲपच्या खात्यावर, म्हणून तिथे वेगळा पासवर्ड ठेवा आणि ओटीपीची सोय असेल तर चालू करा.

कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला की काय होतं, ते 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) दाखवलं. त्यात नेहमीच्या वापरातल्या युजरनेम-पासवर्डच्या सुमारे 60 जोड्या होत्या, बाकी काही हुशारी नाही. तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर (साइटच्या नावावरून तिचा इंटरनेट पत्ता शोधून देणाऱ्या) हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत बऱ्याच जणांना काही तास उघडेनात. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना कळलंसुद्धा नसेल, कारण कॅमेरा नेहमीसारखा चालूच असतो. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच. मिराई फक्त तात्पुरत्या मेमरीत राहायचा, उपकरण रीस्टार्ट केला की जायचा. पण पासवर्ड तोच असेल आणि दार उघडंच असेल तर काही मिनिटांत परत यायचा. काही मॉडेलमध्ये तर पासवर्ड फर्मवेअरमध्येच (उपकरणाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच) पक्का लिहिलेला होता, सेटिंगमधून बदलताच येत नव्हता. म्हणून नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, पोर्टही बंद करा.

आता एक गोष्ट जी फारसं कोणी सांगत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर कंपनीने तुम्हाला सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची पद्धत) ठेवलंय आणि आयपीव्ही4 (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) वरून बाहेरचा माणूस थेट तुमच्यापर्यंत पोचत नाही. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आयपीव्ही6 (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, तिथे राउटरची आयपीव्ही6 फायरवॉलच (बाहेरून येणारं अडवणारी सोय) कामाला येते. ती चालू आहे ना, हे नक्की तपासा.

टीव्ही, स्मार्ट बल्ब, वाय-फायवरचे सुटे कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर (राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर) टाका. ज्या लॅपटॉपवर बँकेची कामं होतात तो मुख्य नेटवर्कवर. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वाय-फाय जोडण्याची सोय) बंद. फर्मवेअर अपडेट करत राहा. उपकरणात काही शिरल्याचा संशय असेल तर आधी इंटरनेटची वायर काढा, फॅक्टरी रीसेट करा, नवीन पासवर्ड टाका आणि मगच वायर जोडा. कॉम्प्युटर आणि मोबाइल तपासायला सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मोफत टूल मिळतात.

राउटर फायबर कंपनीचा असेल आणि ॲडमिनचा पासवर्ड ते देत नसतील, तर त्यांनाच फोन करून पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करून घ्या. ऐकत नसतील तर त्या डब्यामागे स्वतःचा राउटर लावा आणि घरातलं सगळं त्यावरच जोडा. कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद ठेवलं तरी चालतं.