व्हॅन, कंटेनर, गॅरेज, बोट: घर परवडेना तेव्हाचे प्रश्न

व्हॅनमध्ये राहायला लागून दोन महिने झाले. पहाटे छतावरून थेंब पडतात, गादीखाली बुरशी धरलीय. छत कुठेच गळत नाही. मग पाणी येतं कुठून?

तुमच्यातूनच. झोपलेला माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला साधारण 40 ग्रॅम वाफ सोडतो. दोघं आठ तास झोपलात की अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत जातं. त्यात गॅसची शेगडी आली: एक किलो गॅस जळला की सुमारे 1.6 लिटर पाणी तयार होतं. ही ऊबदार, ओलसर हवा थंड पत्र्याला लागते आणि पत्र्याला घाम फुटतो. म्हणून ऊब यावी म्हणून शेगडी पेटवली की ओल वाढते, हे आधी डोक्यात पक्कं करा. ओल शोषणाऱ्या डब्यांवर पैसे घालू नका. तुम्ही एका रात्रीत सोडता तेवढं पाणी ओढायला त्यांना कित्येक दिवस लागतात.

छतात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा आणि रात्रभर अगदी मंद चालू ठेवा. मात्र हवा आत यायला दुसऱ्या टोकाला, खालच्या बाजूला वाट हवीच. एकच भोक ठेवलंत तर पंखा नुसता गुरगुरतो, हवा हलत नाही. थंडी वाजते म्हणून हीच वाट चिंध्या कोंबून बुजवली जाते आणि आठवड्यात बुरशी परत येते.

पत्र्याच्या आतून लावायचा फोम बंद छिद्रांचा, म्हणजे वाफ आत न शिरणारा घ्या आणि मध्ये पोकळी न ठेवता थेट पत्र्याला चिकटवा. काचलोकर नको, पोकळीत वाफ शिरली की ती भिजते आणि पत्रा मागून गंजत राहतो. लोखंडी बरगड्याही झाका, नाहीतर नेमक्या तिथेच थेंब धरतात. गादीखाली सलग फळी असेल तर काढून पट्ट्या ठोका, खाली पाचेक सेंटिमीटर मोकळी जागा राहू द्या.

उबेसाठी जळणाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर चांगला. त्याची धुराची नळी गाडीच्या कडेपर्यंत न्या. पोटाखाली सोडली तर धूर फटींतून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीला लावा, गॅसगळतीचा जमिनीलगत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. एकाचं काम दुसरा करत नाही.

जुना 40 फुटी कंटेनर मिळतोय. दोन्ही लांब भिंतींत मोठ्या काचा आणि वर मातीची बाग करायचा विचार आहे.

दोन्ही विचार बदला. कंटेनरवर कंटेनर रचतात म्हणून तो सगळीकडूनच दणकट वाटतो. पण तो भार चार कोपऱ्यांचे खांब पेलतात. भिंतीचा पन्हळी पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो, तरी वरच्या आणि खालच्या कडेला धरून तोच तुळईचं काम करतो. तो मोठा कापला की वरची कड मध्यात लोंबते. छताची प्रमाणित चाचणी 60 बाय 30 सेंटिमीटर जागेवर 300 किलोची, म्हणजे दोघे-तिघे वर चढतील एवढ्यापुरती. दहा सेंटिमीटर ओली माती एका चौरस मीटरला पावणेदोनशे किलोच्या आसपास भरते; पूर्ण छताचे पाच टन होतात. बाग हवीच तर तिला जमिनीपासून वेगळा सांगाडा द्या.

काच एकाच लांब भिंतीत घ्या. आधी चौकोनी नळीची चौकट वरच्या-खालच्या कडांना वेल्ड करा, मगच आतला पत्रा कापा. उलटं केलंत तर पत्रा वाकलेला असतो आणि चौकट बसत नाही. चारही कोपरे एका पातळीत टेकवा. एक जरी खचला तरी दारं अडकतात.

जमिनीचं प्लायवुड साधारण 28 मिलिमीटरचं असतं आणि त्याला बहुधा कीटकनाशक मुरवलेलं असतं. दारावरच्या पाटीत लाकडावरच्या प्रक्रियेची नोंद शोधा; पाटीच नसेल तर ते प्लायवुड उखडणं बरं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे ग्राइंडर चालवताना साधं फडकं पुरत नाही, धुळीसाठीचा मास्क लावा. शक्यतो उंच प्रकारचा कंटेनर घ्या. साध्याची आतली उंची 2.39 मीटर असते. फोम, छत, फरशी झाल्यावर डोकं टेकेल इतपतच उरते.

गॅरेज भाड्याने मिळतंय. झोपायला चालेल?

बाहेर पडायच्या दोन वाटा असतील तरच. खिडकीतून मोठा माणूस निघू शकला पाहिजे, तिला जाळी नको. विजेवर चालणारं शटर वीज गेल्यावर हाताने कसं सुटतं, ते अंधारात करून पाहा. शेजारच्या गाळ्यात गाड्या चालू करत असतील तर नाद सोडा. जनरेटर खिडक्या-दारांपासून किमान सहा मीटर लांब ठेवा.

जुनी स्टीलची बोट स्वस्तात मिळतेय. काय तपासू?

आधी ती बांधायची कायमची जागा पक्की करा. बोट स्वस्त असण्याचं कारण बहुतेकदा तिथेच असतं. मग बोट पाण्याबाहेर काढून तळाची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घ्या. मूळ 6 मिलिमीटरचा तळ कुठे 4 च्या खाली गेला असेल तर विम्याला अडचण येते. वरून नवा पत्रा चढवता येतो, पण वजन वाढून बोट खाली बसते आणि नाल्यांची भोकं पाण्याच्या जवळ येतात. ती भोकं पाण्यापासून किती वर राहतील ते मोजून घ्या.

धक्क्यावरची वीज जोडली की तिच्या अर्थिंगमधून तुमची बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते आणि तुमचा तळ झिजू लागतो. त्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगच्या तारेतला हा झिजवणारा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण लावा. झिजण्यासाठीच बसवलेले धातूचे ठोकळेही पाण्याप्रमाणे बदलतात: गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, खाऱ्यात जस्त. तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता खटका, दर आठवड्याला हाताने वर उचलून पाहा. केस आणि साबणाचा चिकटा जमून तो अडकतो आणि तळाशी साठलेलं पाणी तसंच राहतं.