जडावकामातले रंगीत संगमरवर: नमुना न काढता कुठवर ओळखता येतात

जडावकाम केलेल्या जुन्या टेबलाच्या माथ्यातले पिवळे, लाल, हिरवे, पांढरे तुकडे कोणत्या प्रकारचे आणि कोणत्या खाणीतले, हे तुम्हाला शोधायचं आहे. कणभरही खरवडायचं नाही, आणि हातात धरायची रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखणारं) व एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं दाखवणारं) यंत्रं मिळणार आहेत. प्रकार बहुतेक ठिकाणी कळेल. खाण मात्र क्वचितच.

पांढऱ्यापासून सुरुवात करा. संगमरवर मुख्यतः कॅल्साइट किंवा डोलोमाइट या खनिजाचा असतो. रामनच्या वर्णपटात (यंत्राने काढलेल्या आलेखात) सगळे कॅल्साइटच्या १०८६ च्या ठळक शिखराकडे बघतात (आकडे प्रति सेंटीमीटर). डोलोमाइटचं शिखर १०९७ च्या आसपास असतं, पण साध्या यंत्रात एवढा फरक नीट सुटत नाही. त्यापेक्षा खालचं शिखर बघा: कॅल्साइटचं २८१, डोलोमाइटचं ३०० च्या जवळ. आधी सिलिकॉनच्या तुकड्याच्या ५२०.५ च्या शिखरावर यंत्र जुळवून घ्या. शिखर १००८ ला आलं आणि एक्सआरएफमध्ये गंधक दिसलं, तर तो जिप्समचा अलाबास्टर आहे, संगमरवर नव्हे. मॅग्नेशियमसाठी एक्सआरएफवर विसंबू नका. त्याचे क्षीण क्ष-किरण हवेतच शोषले जातात.

पिवळ्या तुकड्यांबाबत कळकळीने सांगतो, लेझरची शक्ती अगदी कमी ठेवा. पिवळा रंग बहुधा गोएथाइट या लोह-खनिजाचा असतो आणि लेझरने तापलं की त्याचं हेमाटाइट हे लाल लोह-खनिज होतं, म्हणजे त्या जागी लाल ठिपका उमटू शकतो. शिवाय वर्णपटात हेमाटाइटची शिखरं (२२५, २९२, ४१०) दिसली की पिवळा दगड तुम्ही लाल रंगद्रव्याचा ठरवाल. ‘विनाविध्वंस’ हे यंत्रावर नाही, वापरणाऱ्यावर अवलंबून असतं. कमी शक्तीवर जास्त वेळ मोजा.

हिरव्यात एक्सआरएफ खरा उपयोगी. निकेल आणि क्रोमियम ठळक दिसले तर सर्पेंटाइन या हिरव्या खनिजाचा दगड समजा. ग्रीसमधल्या थेसलीचा वेर्दे अँटिको हा हिरवा दगड असा असतो. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम असेल, रामनमध्ये कॅल्साइटही असेल आणि भिंगाखाली हिरवे पट्टे दिसत असतील, तर अभ्रक आणि क्लोराइट (हिरवं खनिज) असलेला चिपोलिनो हा पट्टेरी संगमरवर, म्हणजे ग्रीसच्या युबिया बेटावरच्या कॅरिस्टोसचा, असण्याची शक्यता धरा.

खाणीचं म्हणाल, तर इटलीतलं कॅरारा आणि ग्रीसमधली पेंटेली, पारोस इथले पांढरे संगमरवर मुख्यत्वे कॅल्साइटच, त्यामुळे रामन वर्णपट सारखेच येतात. खाणीसाठी कार्बन-ऑक्सिजन समस्थानिकं मोजावी लागतात, आणि त्यासाठी थोडी का होईना, भुकटी काढावीच लागते. एक अपवाद: पांढरा तुकडा डोलोमाइटचा निघाला तर थासोस या ग्रीक बेटावरच्या वाथीच्या खाणीचा विचार करा, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका, डोलोमाइटचे संगमरवर इतरत्रही आहेत.

जुन्या माथ्यावर मेण किंवा राळ असते. तिची प्रतिदीप्ती (लेझर पडल्यावर निघणारा तिचा स्वतःचा उजेड) रामनचा वर्णपट बुडवते, म्हणून ७८५ नॅनोमीटरचा लेझर घ्या आणि प्रत्येक तुकड्यावर निदान पाच जागी मोजा; शिरा आणि मूळ दगड वेगवेगळे नोंदवा. वर्णपटासोबत लेझरची शक्ती आणि त्या जागेचा फोटो इथे टाका, म्हणजे शिखरं आपण मिळून वाचू.