"मला उभं करून तू कुठं पळतीस?"

प्रश्न: मी बेळगावात रेडिओग्राफी शिकते, घर खानापूरकडं. सध्या पोस्टिंग चालू आहे. पेशंटला एक्सरे समजावायला गेलं की मी पुस्तकातलंच बोलायला लागते आणि माणसं नुसती मान हलवतात. परवा एक आज्जी छातीच्या फोटोला आल्या, मी काचेमागं जायला लागले तर म्हणाल्या, "मला हितं उभं करून तू कुठं पळतीस गं?" मला उत्तरच सुचलं नाही. काय सांगायचं?

उत्तर: आज्जींनी बरोबर विचारलं, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो, बोलून कुणी दाखवत नाही. म्हणून त्यांच्याआधी तूच सांगून टाक, "आज्जी, तुमचा आज एकच फोटो, मी दिवसभर हेच करते, रोजचं थोडं थोडं साठू नये म्हणून आडोशाला जाते, पण काचेतून तुमच्याकडंच बघत असते." छातीच्या एका एक्सरेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या डोसचं माप) आणि माती, दगड, आभाळ, खाणंपिणं यातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ असाच मिळत असतो, म्हणजे हिशेब तीनेक दिवसांचा. आकडे तुझ्यासाठी, आज्जींना "तीन दिवसांत घरबसल्या लागतं तेवढं" एवढं पुरे. "काहीच नसतं" असं मात्र म्हणू नको, भिंतीवर शिशाचा एप्रन टांगलेला त्यांना दिसतोय की. आणि बटण सोडलं की किरण संपले, अंगात काही उरत नाही, हे नक्की सांग.

आपल्याकडं एक्सरेला फोटोच म्हणतात, तो शब्द सुधारत बसू नको, तिथूनच सुरू कर. हाड किरण जास्त अडवतं म्हणून पांढरं, फुप्फुसात हवा म्हणून काळं. निपाणीकडच्या एका काकांच्या बंडीच्या खिशात चुन्याची डबी राहिली होती, फोटोत बरगड्यांवर पांढराफेक गोल! काकाच म्हणाले, "अरे, ही तर माझी डबी." धातू का काढायचा ते त्यांना परत सांगावं लागलं नाही. मंगळसूत्राला मात्र जपून, पायाचा फोटो असेल तर विषयच काढू नको, छातीचा असेल तर त्यांच्या डोळ्यासमोर सुनेच्या हातात दे. जाड वेणीही वर बांधायची, खांद्यावर आली तर फुप्फुसाच्या टोकाला डाग असल्यासारखी दिसते.

पोटात बाळ नाही ना हे कळायला पाळी कधी आली होती हे विचारताना सासूला बाहेर थांबव, तिच्यासमोर पोरी खरं सांगत नाहीत.

आणि नुसतं "श्वास घ्या" म्हटलं की लोक खांदे उचलतात, फुप्फुस काही नीट फुलत नाही. विहिरीत बुडी मारायच्या आधी घेता तसा घ्या म्हटलं की बरोबर जमतं. कन्नड पेशंटला "उसिरु तगोरी, हिडकोरी" म्हण, आणि फोटो झाला की "बिडरी" (सोडा) म्हणायला विसरू नको, नाहीतर बिचारे तसेच श्वास धरून उभे राहतात.