कुलकर्णी हे आडनाव, की हुद्दा?

प्रश्न : आमचं आडनाव कुलकर्णी, पण लग्नकार्यात गुरुजींनी विचारलं की आजी मूळ आडनाव वेगळंच सांगायची. आता आजी नाही आणि ते कुणाच्याच लक्षात नाहीये. एका घराला दोन आडनावं कशी? सगळे कुलकर्णी भाऊबंद असतात का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही हो, भाऊबंद अजिबात नाही. कुलकर्णी हे वतन होतं, पिढ्यानपिढ्या चालणारं काम. पाटलाने सारा वसूल करायचा, कुलकर्ण्याने हिशेब लिहायचा. कुळकायद्यातलं कुळ, म्हणजे जमीन कसणारा, तेच हे, आणि करण म्हणजे लिहिणारा. तेच काम अख्ख्या परगण्याचं असलं की देशपांडे. म्हणून तर देशस्थांत, सारस्वतांत, जैनांत, लिंगायतांत, सगळीकडे कुलकर्णी सापडतात, गोत्रं वेगळी, कुलदैवतं वेगळी. नाना फडणवीसांचंच बघा ना, ते बाळाजी जनार्दन भानू, फडणवीस हा हुद्दा, पण आज भानू किती जणांना माहितीये?

एका घरी मी जुनं खरेदीखत बघितलं, खाली मोडी लिपीत सही, नावापुढे 'कुळकर्णी मौजे मजकूर', म्हणजे याच गावचा कुलकर्णी. सही करणाऱ्याच्या डोक्यात तो हुद्दाच होता. पुढे शाळेच्या दाखल्यावर 'मौजे मजकूर' गळालं आणि कुलकर्णी तेवढं राहिलं. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेलं, आडनाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

मूळ नाव शोधायचं तर आधी घरातल्या म्हाताऱ्या आत्यांना फोन लावा, त्यांना अशा गोष्टी बरोब्बर आठवतात, आणि हे काम उद्यावर टाकू नका प्लीज. मग नाशिक नाहीतर त्र्यंबकेश्वर. तिथल्या तीर्थोपाध्यांना आपलं मूळ गाव सांगायचं, पूर्वज कधी क्रियाकर्माला येऊन गेले असतील तर त्यांच्या नामावळीत नाव, गाव, उपनाव सापडू शकतं. जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा कुणीतरी सोबत न्या.

प्रश्न : पणजोबांचं नाव दगडू. मुलगा विचारतो, असं नाव कोण ठेवतं? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : जीव लावणारेच ठेवायचे. आधीची पोरं दगावलेली असली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू असं काहीतरी ठेवायचं, भिकू म्हणजे देवाकडे पदर पसरून मागून घेतलेला. पणजोबांच्या आधीची किती भावंडं गेली होती ते घरात विचारून बघा. 'नकुशी'ची गोष्ट मात्र पार उलटी, तिथे मुलगीच नको होती, आणि पोरीला ते नाव शाळेत रोज हजेरीला ऐकावं लागायचं. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना नवीन नावं दिली, कित्येकींनी आपलं नाव स्वतःच निवडलं.